मोमिनाबाद ते सायवेल

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींचे, योगेश्वरीच्या मंदिराचे आणि स्वामी रामानंद तीर्थांनी जेथे अध्यापन केले त्या शाळेचे गाव म्हणून ओळखले जाते. निजामाच्या राजवटीत मात्र त्याचे सरकारदरबारचे नाव मोमिनाबाद होते आणि घोडदळाची छावणी ही त्या मोमिनाबादची बाहेरच्या जगाला असलेली ओळख होती. सप्टेंबर १९४८ च्या मध्यास, भारतीय फौजांनी हैदराबाद संस्थानात प्रवेश केल्यावर, जालना ताब्यात घेऊन पुढे सरकलेली तुकडी लातूरनंतर मोमिनाबादेस पोहोचली, तेव्हा तेथील तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्स या हैदराबादी घोडदळाने नाममात्र प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. पुढे १७ सप्टेंबरला संस्थानाची शरणागती झाली आणि तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून दरवर्षी साजरा होऊ लागला. या मोहिमेचा जमिनीवरचा भाग, म्हणजे सोलापूरहून निघालेले रणगाडे, नळदुर्गाची लढाई आणि सीमेवरच्या कॅम्पांतून लढलेले स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते, मराठवाड्याच्या लेखनात वारंवार आला आहे. तिचा आकाशातला भाग मात्र जवळजवळ अलिखित राहिला, आणि त्या आकाशातील विमानांचे पुढे काय झाले हे विचारण्याचे तर कोणालाच कारण पडले नाही. ती विमाने विस्मरणात गेली असती तरी नवल नव्हते. प्रत्यक्षात त्या जातीचे, आणि भारतीय हवाई दलाच्याच ताफ्यातले, एक विमान आज इंग्लंडच्या आकाशात पुन्हा उडत आहे.

हैदराबाद मोहिमेतील हवाई कामगिरी मुख्यतः पुण्याहून उडालेल्या टेम्पेस्ट विमानांनी पार पाडली. तिचे पहिले लक्ष्य बीदर आणि वरंगल येथील धावपट्ट्या हे होते, कारण सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक त्या वर्षी लँकास्ट्रियन विमानांतून, म्हणजे लँकास्टर बाँबफेकी विमानांच्या नागरी रूपांतरांतून, कराचीहून निजामासाठी चोरून शस्त्रे आणत होता आणि ती अशाच धावपट्ट्यांवर उतरत होती. त्यानंतरचे काम पायदळाला वाट मोकळी करून देण्याचे होते: उमरग्याच्या पुढे राजेश्वरच्या रस्त्यावर दबा धरून बसलेल्या तुकड्या टेहळणीत आढळल्या, तेव्हा टेम्पेस्टचे हल्ले मागवून तो रस्ता साफ करण्यात आला. पुणे ते बीदर अशी सरळ रेषा नकाशावर ओढली, तर ती बीड जिल्ह्याच्या दक्षिण सीमेखालून, धाराशिव शहराच्या अगदी जवळून आणि लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून जाते. त्या काळी या टापूत मोटार पाहणेही ज्यांच्या वाट्याला क्वचित येई, त्या माणसांच्या डोक्यावरून त्या वेळच्या सर्वांत वेगवान पंखेवाल्या लढाऊ विमानांपैकी एक गेले, ही घटना लोकस्मृतीचा भाग म्हणून आणि यंत्रविद्येच्या इतिहासाचा भाग म्हणूनही नोंदवली जायला हवी होती.

टेम्पेस्ट हे हॉकर कंपनीचे, सिडनी कॅम या अभिकल्पकाच्या हाताखाली तयार झालेले, एका इंजिनाचे आणि एकाच वैमानिकाचे विमान. भारताकडे आलेल्या दुसऱ्या आवृत्तीचा पहिला नमुना जून १९४३ मध्ये उडाला. ही आवृत्ती अतिपूर्वेतील जपानविरुद्धच्या युद्धासाठी योजली होती, पण विमाने तयार होऊन तेथे पोहोचण्यापूर्वीच ते युद्ध संपले आणि सुमारे साडेचारशेंच्या त्या उत्पादनातील बराचसा भाग भारताच्या वाट्याला आला. या विमानाच्या नाकात ब्रिस्टल सेंटॉरस हे अठरा सिलिंडरांचे इंजिन असे. हे सिलिंडर नऊ-नऊच्या दोन रांगांत एका कण्याभोवती वर्तुळाकार मांडलेले असत, आणि त्यांतून सुमारे अडीच हजार अश्वशक्ती निर्माण होई. सामान्य इंजिनात इंधन-हवेचे मिश्रण आत घेण्याचे आणि जळलेला वायू बाहेर टाकण्याचे काम वरखाली होणाऱ्या झडपा करतात. सेंटॉरसमध्ये तशा झडपाच नव्हत्या. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या मध्ये एक पातळ पोलादी नळकांडे, ज्याला स्लीव्ह म्हणतात, थोडे वरखाली आणि थोडे वाटोळे असे दुहेरी फिरत राही, आणि त्याच्या अंगावरची छिद्रे सिलिंडरच्या छिद्रांसमोर आली की वाट उघडे, सरकली की बंद होई. अशा अठरा नळकांड्यांचा परस्परांशी मेळ राखणे हे कारागिरीचे काम होते, आणि ती कारागिरी हाताने शिकलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. या विमानाच्या पुनरुज्जीवनातील सर्वांत कठीण भाग तोच आहे.

व्हँपायरसारखी जेट विमाने दाखल झाल्यावर १९५० च्या दशकात टेम्पेस्ट सेवेतून बाहेर पडले. इतर देशांत अशा विमानांची रवानगी बहुतांशी भट्टीत झाली; भारतात मात्र त्यांतील काही, शत्रूच्या वैमानिकाला फसवण्यासाठी, हवाई तळांच्या कडेला खरी विमाने उभी असल्याचा आभास निर्माण करीत ठेवली गेली आणि काही प्रशिक्षणार्थींना जोडणी शिकवण्यासाठी वापरली गेली. या दुय्यम उपयोगामुळेच ती वाचली. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील संग्राहकांना या साठ्याचा सुगावा लागला, आणि दशकाच्या अखेरीस व त्यानंतर कित्येक टेम्पेस्ट आणि स्पिटफायर सुटे करून जहाजांनी तिकडे नेले गेले. रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयातील दुसऱ्या आवृत्तीचे टेम्पेस्ट मूळचे भारतीय हवाई दलाचे आहे. दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयातही एक जपलेले आहे. यांतील ब्रिटिश क्रमांक एमडब्ल्यू ७६३ आणि भारतीय क्रमांक एचए ५८६ असलेले विमान अनेक मालकांच्या हातांतून फिरत, चार दशकांहून अधिक काळाच्या खंडित दुरुस्तीनंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉर्थँप्टनशरमधील सायवेल या छोट्या धावपट्टीवरून पुन्हा हवेत गेले. दुसऱ्या आवृत्तीचे उडण्याच्या स्थितीतील ते जगातले एकमेव विमान होय.

अशा दुरुस्तीचे स्वरूप जवळून पाहिल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. आरंभी विमान पूर्ण सुटे केले जाते, आणि प्रत्येक भागावर पडलेला शिक्का, रंगाखाली दडलेला आकडा, कारखान्याची छोटी धातूची पाटी यांवरून तो भाग कोणत्या विमानाचा हे ठरवले जाते. कायद्याच्या दृष्टीने विमानाची ओळख याच पाटीशी बांधलेली असते. मग तपासणी येते. धातूत डोळ्यांना न दिसणारी भेग शोधण्यासाठी भागावर रंगीत, अतिशय पातळ द्रव लावतात, तो पुसून वर पांढरी भुकटी फवारतात, आणि भेगेत शिरलेला द्रव त्या भुकटीतून रेषेसारखा वर येतो. ज्या तुळईवर पंखाचा सगळा भार पेलला जातो तिच्यात अशी रेष दिसली, की ती तुळई कितीही अस्सल असली तरी बाद होते. ॲल्युमिनियमचा पत्रा सांगाड्यावर बसवताना दोन माणसे लागतात: एक बाहेरून हवेच्या दाबाचा हातोडा रिव्हेटच्या डोक्यावर धरतो, दुसरा आत अंग चोरून बसून रिव्हेटच्या शेपटाला पोलादी ठोकळा टेकवतो, दोघांमध्ये पत्रा असल्याने एकाला दुसरा दिसत नाही, आणि ठोका थांबवण्याचा क्षण आवाजावरून ओळखावा लागतो. जास्त ठोकले तर पत्रा ताणून लहरतो, कमी ठोकले तर सांधा ढिला राहतो. एका लढाऊ विमानात असे सांधे हजारोंनी असतात. हे काम संगणकावर आरेखन करून उरकता येत नाही. ते एका जोडीने दुसऱ्या जोडीला शेजारी बसवूनच पुढे जाते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. तुळई नवी, पत्रा नवा, नळ्या आणि तारा नव्या. मग जे उडते ते १९४०च्या दशकातले विमान कसे? वास्तुसंवर्धनात मूळ दगड राखण्याचा आग्रह धरला जातो आणि तो योग्य आहे, कारण देवळाचा दगड आपल्या जागी स्थिर राहूनच आपले काम करतो. विमानाचे तसे नाही. त्याचा आकार आणि धातू ही त्याची अर्धीच बाजू आहे. भार पेलण्याची, तापण्याची, थरथरण्याची, पाखरासारखे नव्हे तर ढकलल्यासारखे वर जाण्याची त्याची रीत ही दुसरी. काचेमागे ठेवलेले विमान पहिली बाजू अचूक जपते आणि दुसरी गमावते, उडते ठेवलेले विमान पहिलीचा काही अंश गमावून दुसरी जपते. दोन्ही प्रकारची विमाने असावीत हेच खरे उत्तर, आणि एकच शिल्लक असेल तर ते उडवू नये. सुदैवाने टेम्पेस्टच्या बाबतीत दोन्ही शक्य झाले.

उडते ठेवण्यामागे आणखी एक निखळ यांत्रिक कारण आहे. बीड जिल्ह्यात ज्यांच्या विहिरीवर जुने ऑइल इंजिन असे, त्यांना ठाऊक आहे की दोन हंगाम बंद राहिलेले इंजिन हे चालवून झिजलेल्या इंजिनापेक्षा अधिक छळते. वर्तुळाकार इंजिनाची गत तशीच, किंबहुना अधिक नाजूक. विमान उभे राहिले की तेल खाली झिरपून तळाच्या सिलिंडरांत साठते. तेल दाबले जात नाही, म्हणून तशा स्थितीत इंजिन चालू केले तर दट्ट्या त्या तेलावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी यंत्रज्ञ प्रोपेलरची पाती हाताने, सावकाश, एकामागून एक फिरवतात आणि कोठे अडते का ते तळव्याला जाणवू देतात. अडले तर जोर लावायचा नाही, तळाचे प्लग काढून तेल निथळू द्यायचे. हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे. ‘अडले’ म्हणजे किती अडले, हे मात्र ज्याने शेकडो वेळा पाते ओढले आहे त्याच्याच हाताला कळते.

अशा विद्येत भारत मागे होता असा समज झाल्यास तो चुकीचा ठरेल, कारण विमानांच्या पुनरुज्जीवनाचा एक विलक्षण अध्याय भारतातच घडला आणि त्याचा उत्तरार्ध पुण्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरच्या चकेरी तळावर बी-२४ लिबरेटर ही चार इंजिनांची अमेरिकन बनावटीची बाँबफेकी विमाने मोठ्या संख्येने सोडून देण्यात आली होती. पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून जाताना ब्रिटिशांनी त्यांची मोडतोडही केली होती. काश्मीरच्या युद्धाच्या दिवसांत भारताला लांब पल्ल्याच्या विमानांची निकड होती आणि नवी घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या यंत्रज्ञांनी कानपुरात मुक्काम ठोकून, एका विमानाचा धड भाग दुसऱ्याला लावीत, ती उडण्याजोगी केली, आणि जमशेद मुन्शी या कंपनीच्या चाचणी-वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला नेली, जेथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अपुऱ्या कागदपत्रांनिशी, अनोळखी विमान, अंशतः दुरुस्त अवस्थेत हजारांहून अधिक किलोमीटर नेणे, आणि तेही चाळीसेक विमानांच्या बाबतीत, ही कामगिरी आजच्या कोणत्याही हवाई कसरतीपेक्षा मोठी होती असे निःसंकोच म्हणता येते. नोव्हेंबर १९४८ मध्ये, म्हणजे मोमिनाबादच्या शरणागतीनंतर अवघ्या दोन महिन्यांत, पहिली लिबरेटर हवाई दलात दाखल झाली. पुढे पुण्याच्या लोहगाव तळावरील सहाव्या स्क्वाड्रनने ती सागरी टेहळणीसाठी वापरली, आणि १९६८ अखेर ती निवृत्त झाली तोवर जगात अन्यत्र या जातीची विमाने जवळजवळ नामशेष झाली होती.

परिणाम असा झाला की या विमानाचे नमुने हवे असणाऱ्या संग्रहालयांना भारताकडे यावे लागले. कॅनडाला एक लिबरेटर मिळाले आणि त्याच्या बदल्यात भारताला लायसँडर हे १९३० च्या दशकात आकाराला आलेले छोटे टेहळणी विमान मिळाले, जे आता पालमला आहे. अमेरिकेतील टुसॉन येथील पिमा संग्रहालयाचे लिबरेटर १९६९ मध्ये भारतातून उडतच तिकडे गेले. ब्रिटनने आपले १९७४ मध्ये असेच उडवत नेले. अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाने अनेक वर्षे हवाई प्रदर्शनांत उडवलेले लिबरेटरही एके काळी भारतीय हवाई दलाचेच होते. त्या प्रदर्शनांतील प्रेक्षकाला दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाची कथा ऐकायला मिळाली, विमानाच्या रंगसंगतीही त्याच काळातल्या निवडल्या गेल्या. पण ज्या हातांनी ते विमान मोडीतून उठवले आणि वीस वर्षे चालते ठेवले, त्यांची नावे तेथे कोणी घेतली नाहीत. ही उणीव तिकडच्यांची जितकी आहे तितकीच इकडचीही, कारण त्या हातांचे काम आपण स्वतःही लिहून ठेवले नाही.

अलीकडे हवाई दलाने या बाबतीत डोळस पाऊल उचलले आहे. त्याच्या वारसा-विमानांच्या तुकडीत टायगर मॉथ हे पोलादी नळ्यांच्या धडाचे आणि लाकडी पंखांचे, कापडाने मढवलेले दुपंखी प्रशिक्षण विमान ब्रिटनमध्ये पुनरुज्जीवित होऊन २०१२ मध्ये आले, नंतर हार्वर्ड आले, आणि मे २०१८ मध्ये डकोटा दाखल झाले. हे डकोटा राजीव चंद्रशेखर यांनी, डकोटाचे वैमानिक राहिलेल्या आपल्या वडिलांच्या, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या, सन्मानार्थ हवाई दलाला भेट दिले. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने उडत ते एप्रिलमध्ये जामनगरला उतरले. त्याला ‘परशुराम’ हे नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक देण्यात आला, कारण २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक होता. ही दुरुस्ती भारतात झाली नाही, याची खंत मात्र कानपूरचा अध्याय ठाऊक असलेल्या वाचकास वाटल्याशिवाय राहत नाही.

या छंदाची किंमत माणसांनीही मोजली आहे, आणि ती लपवून त्याचे समर्थन करता येणार नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडमधील शोरम येथे प्रदर्शनात गिरकी घेणारे हंटर जेट रस्त्यावर कोसळून अकरा माणसे गेली. ती प्रदर्शनाच्या आवारात नव्हती, बाहेर त्या रस्त्यावर किंवा त्याच्या कडेला होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॉलिंग्ज प्रतिष्ठानाचे बी-१७ विमान प्रवाशांसह पडून सात जण दगावले, आणि त्यानंतर त्या प्रतिष्ठानाची प्रवासी नेण्याची परवानगी रद्द झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलस येथे दोन जुनी विमाने हवेत एकमेकांवर आदळून सहा जणांचा अंत झाला. जुने विमान सरळ, संथ उडवावे, प्रेक्षकांपासून व वस्तीपासून दूर उडवावे, आणि कसरती नव्या विमानांवर सोपवाव्यात, एवढा संयम पाळला तर या वारशाचे बहुतेक सर्व मोल हाती राहते. इंजिनाचा आवाज आणि पंखाची रेषा दाखवायला उलटेपालटे होण्याची गरज नसते.

मराठवाड्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न याहून खोल आहे. टेम्पेस्ट ज्या मोहिमेत उडाले तिने निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांच्या जाचातून या प्रदेशाची सुटका केली. त्याच मोहिमेच्या मागोमाग सामान्य मुस्लिम वस्त्यांवर जे अत्याचार झाले त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांखालोखाल ज्या जिल्ह्यांची नावे तिने घेतली, त्यांत बीड होते. सायवेलच्या धावपट्टीवर ते विमान रंगवून उभे राहते तेव्हा या दोन्हींपैकी काहीच त्याच्या अंगावर दिसत नाही. दिसावे अशी अपेक्षाही तिकडच्या कारागिरांकडून करता येणार नाही, त्यांनी आपले काम निष्ठेने केले आहे. ती गोष्ट सांगण्याचे काम ज्यांच्या भूमीलगत ते घडले त्यांचे आहे, आणि ती सांगताना सुटकेचा आनंद व नंतरचे दुःख यांतले एक वगळून चालणार नाही.

ज्या बीदरच्या धावपट्टीवर १९४८ मध्ये टेम्पेस्टनी हल्ला केला, ते बीदर आज भारतीय हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरतपथकाचे ठाणे आहे. महाराष्ट्रातील प्रदर्शनांत दिसणारी हॉक विमाने तेथूनच येतात. आणि नाशिकजवळच्या ओझरला, जेथे १९६० च्या दशकापासून मिग-२१ या विमानांची बांधणी झाली, तेथे रिव्हेटच्या दोन बाजूंना बसून काम केलेली मराठी कारागिरांची एक अख्खी पिढी निवृत्त झाली आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ चा निरोपसमारंभ झाला, त्यानंतर अनेक शहरांतून हे विमान चौथऱ्यावर बसवण्याची मागणी होत राहील, आणि चौथऱ्यावरचे विमान उन्हापावसात पोकळ होत जाते. त्याऐवजी एक तरी विमान छपराखाली, इंजिन फिरते ठेवून, ओझरच्याच माणसांच्या देखरेखीखाली राहावे, आणि त्यांच्या शेजारी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुले, मग ती बीडची असोत की निफाडची, ठोकळा धरून आत बसावीत, यासाठी लागणारी जागा आणि माणसे दोन्ही महाराष्ट्रात आजमितीस उपलब्ध आहेत. त्या माणसांपैकी पुष्कळांनी मात्र सत्तरी ओलांडली आहे.